पिशवी भिंतीकडे

दूध जळालं त्या दिवसापासून ही भानगड सुरू झाली. दूध कुणाच्या घरी करपत नाही? पण अण्णांच्या घरी पातेल्याचं बूड लाल होईस्तोवर गॅस चालू होता आणि अण्णा खाली बाकावर बसून निवांत पेपर वाचत होते. शेजारणीला वास आला म्हणून बरं. तिच्याकडे जादा किल्ली असते. तिने पातेलं सांडशीने उचलून मोरीत टाकलं, खिडक्या उघडल्या आणि मग ठकीला फोन केला.

ठकी म्हणजे अण्णांची मुलगी. वय वर्षं बावन्न. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासते, पदरी दोन मोठी मुलं, अर्धे केस पांढरे. पण बापाने पाळण्यात असताना चिकटवलेलं नाव काही सुटत नाही. एकदा अण्णा दुकानात येऊन मोठ्याने "ठके!" म्हणाले, तेव्हापासून दुकानातल्या पोरीही तिच्या पाठीमागे तेच म्हणतात.

ठकीने दुधाची गोष्ट थोरल्या भावाला, दादाला, सांगितली. सांगितली आणि पस्तावली. दादा राहतो सहा तासांवर. मनाने चांगला, पण प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची त्याला भारी घाई.

"माझ्याकडची वरची खोली रिकामीच आहे," तो म्हणाला. "शनिवारी गाडी घेऊन येतो."

"अण्णांना विचारलंस?"

"दूध जाळताना त्यांनी मला विचारलं होतं?"

आता याच्याशी काय बोलणार! पण ठकीही काही कमी नाही. अण्णांच्या दोन खोल्या, पुढे गॅलरी, गॅलरीतून दिसणारे रूळ, आई गेल्यापासून सहा वर्षं स्वतःचा चहा स्वतः करून पिणारा हा माणूस. त्याला उचलून वरच्या खोलीत ठेवला तर तो तिथे नुसता बसून राहील, आणि नुसता बसलेला माणूस लवकर आटपतो, असं तिला मनापासून वाटत होतं. ती भांडली, रडली, फोन आपटला, परत केला. शेवटी तोड निघाली ती अशी: चार रविवार. ठकीने दर रविवारी अण्णांना बाहेर न्यायचं, दिवसभर त्यांच्याबरोबर राहायचं, काय विसरतात आणि काय नाही ते बघायचं, आणि चौथ्या रविवारी संध्याकाळी दादाला खरं ते सांगायचं. सगळं ठीक असलं तर अण्णा आपल्या घरी राहतील आणि दादा वर्षभर तोंड उघडणार नाही. नसलं तर शनिवारी गाडी दारात.

"खरं सांगशील ना?" दादाने विचारलं.

"सांगेन," ठकी म्हणाली. म्हणतानाच तिला ठाऊक होतं की वेळ आली तर आपण चक्क खोटं बोलणार आहोत.

कुठे न्यायचं हा प्रश्नच नव्हता. अण्णांनी छत्तीस वर्षं रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये काढली, त्यातली पहिली बरीचशी वाफेच्या इंजिनांची. आणि त्यांच्या गावापासून दिवसात जाऊन येण्याजोग्या चार लाइनी अशा होत्या की तिथे जुनी वाफेची इंजिनं जपून ठेवलीत आणि रविवारी हौशी लोकांसाठी गाड्या सोडतात. या लाइनींवर सगळे बिनपगारी. आठवडाभर आपापला धंदा करायचा आणि रविवारी निळा कोट चढवून रेल्वे रेल्वे खेळायचं. कुणी वाण्याचं दुकान टाकून गार्ड होतो, कुणी वकिली सोडून रुळांच्या कडेचं गवत कापतो. घरी बायकोने गवत काप म्हटलं तर कंबर धरते.

पहिल्या रविवारी अण्णा खुशीत होते. त्यांनी आपला सेवेतला निळा कोट कपाटातून काढून घातला होता, कोपरं झिजलेला. माहिती सांगणाऱ्या पोरीला त्यांनी तीनदा दुरुस्त केलं, चौथ्यांदा तिनेच त्यांच्या हातात कर्णा दिला. दुसऱ्या रविवारी डब्यातल्या एका कुटुंबाला त्यांनी असं काही धरलं की ती माणसं आपलं स्टेशन यायच्या आधीच उतरून गेली. विषय नेहमीचाच.

"एकेरी रूळ," अण्णा सांगत. "दोन गाड्या समोरासमोर आल्या तर? म्हणून दोन स्टेशनांमधल्या प्रत्येक तुकड्याला एक पितळी बिल्ला. एकच! बिल्ला चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. कडं ज्याच्या हातात, त्याचीच गाडी त्या तुकड्यात शिरणार. देणाऱ्याने तुकड्याचं नाव मोठ्याने म्हणायचं, घेणाऱ्याने तेच परत म्हणायचं, मग देणाऱ्याने हात सोडायचा. गाडी चालती असली म्हणून काय झालं? तोंड चालवायला काय पैसे पडतात? आणि घेतलेलं कडं कुठे? मास्तरांच्या खोलीत, दाराआडच्या खुंटीला, पिशवी भिंतीकडे. बाहेर ठेवली तर येणाऱ्याजाणाऱ्याचा खांदा लागतो आणि बिल्ला पडतो."

ठकीला हे पाठ होतं. लहानपणी घरात नुसता मिठाचा डबा द्यायचा असला तरी अण्णा "मीठ" म्हणत आणि पोरांनी "मीठ" म्हटल्याखेरीज डबा सोडत नसत. आई वैतागायची. "अहो, भाजी करपतेय! इथे काय गाड्या अडल्यात का?" असं म्हणायची, पण डबा घेताना तीही "मीठ" म्हणायची, कारण नाही म्हटलं तर मिळायचाच नाही.

दोन रविवार असे निर्धास्त गेले. तिसऱ्या रविवारी अण्णा म्हणाले, तिकिटं मी काढतो. खिडकीपाशी गेले, ऐटीत परत आले आणि ठकीच्या हातात तिकिटं ठेवली. तीन.

"तीन कशाला, अण्णा?"

"म्हणजे? तुझं, माझं आणि..." अण्णांनी मागे वळून पाहिलं. मग ते डब्यात चढले. ठकीने तिसरं तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात सारलं. रात्री दादाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "उत्तम! तिकिटंसुद्धा स्वतः काढली." यात खोटं काय होतं?

चौथ्या रविवारची लाइन सगळ्यांत लहान. एकूण तीन स्टेशनं. मधल्या स्टेशनात दोन्हीकडच्या गाड्या एकमेकींना भेटायच्या, कडी बदलायच्या आणि पुढे जायच्या. ही भेट बघायची म्हणून ठकी आणि अण्णा सकाळच्या गाडीने येऊन मधल्या स्टेशनात उतरले. स्टेशनमास्तर होते एक दातांचे डॉक्टर. गोल, हसतमुख, बोलताना समोरच्याच्या तोंडात बघायची सवय. पूर्वीच्या मास्तरांच्या खोलीत आता चहाचं हॉटेल केलं होतं. काउंटर, चार टेबलं, खिडकीत इंजिनाचं चित्र काढलेले कप विकायला मांडलेले.

बारा वाजायला आले होते. पलीकडच्या फलाटावर एक गाडी येऊन थांबली होती, माणसांनी भरलेली. समोरून दुसरी आली की तिच्याकडचं कडं घेऊन ही पुढे जायची.

"मी चहा सांगते," ठकी म्हणाली. "तुम्ही इथेच बाकावर बसा. हलू नका."

"मी काय बोचकं आहे?" अण्णा म्हणाले, पण बसले.

चहाच्या काउंटरवर ही रांग. चहा करणाऱ्या बाई एरवी शाळेत गणित शिकवायच्या आणि प्रत्येक कप मापून भरायच्या. ठकी रांगेत असताना शिट्टी झाली, समोरची गाडी धडधडत फलाटाला लागली, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. ती ट्रे घेऊन वळली तर अण्णा आत येऊन टेबलापाशी बसलेले.

"बाकावर ऊन आलं," ते म्हणाले.

चहा झाला, केकचा तुकडा झाला. पण गाडी काही सुटेना. इंजिन जोरात वाफ सोडायला लागलं, पोरं कानांत बोटं घालून ओरडायला लागली. डब्यांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. इतक्यात दातांचे डॉक्टर दारात, घामाघूम.

"कुणी कडं पाहिलंत का? वेताचं, एवढं मोठं? या अडलेल्या गाडीला पुढे जायला तेच पाहिजे."

घडलं होतं असं. गाडी येताना डॉक्टर एका कुटुंबाचा फोटो काढून देत होते. "जरा हसा" म्हणेपर्यंत इंजिन त्यांच्या पाठीमागून निघून गेलं. फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा, एरवी बेकरीत भट्टीवर असायचा. रविवारीसुद्धा बिचाऱ्याची आगीतून सुटका नाही. तो शपथेवर सांगत होता की कडं मी दिलं.

"म्हणतो, निळ्या कोटातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना दिलं," डॉक्टर सांगत होते. "हा म्हणतो, मी नुसतंच पुढे केलं तर ते म्हणाले, आधी नाव म्हण. मी म्हटल्यावर त्यांनी परत म्हटलं, मग घेतलं. म्हणे, तुमच्यापेक्षा नीट घेतलं! आता आमच्यात निळे कोट सगळ्यांनाच. पण म्हातारा म्हणाल तर एक गार्ड, आणि तो आज दुसऱ्या टोकाला आहे."

ठकीने अण्णांच्या कोटाकडे पाहिलं. अण्णा डॉक्टरांकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बाहेर होतात ना तेव्हा? तुम्ही घेतलंत का?"

"मी? मी कशाला घेऊ? मी काय ड्यूटीवर आहे?"

ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना अण्णा कानाची पाळी चोळतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आत्ता त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते.

बाहेर शोधाशोध सुरू झाली. बाकांखाली पाहिलं, सामानाच्या हातगाडीत पाहिलं, फुलांच्या कुंड्यांमागे पाहिलं. अडलेल्या गाडीतला एक गृहस्थ खाली उतरून डॉक्टरांना अक्कल शिकवायला लागला. "अहो, त्या बाजूची गाडी इथेच उभी आहे. समोरून येणार कोण, भूत? हळूहळू जाऊ द्या की!"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. "तसं बघितलं तर..." ते म्हणाले.

"खबरदार!"

अण्णा दारात उभे होते. एवढा मोठा आवाज ठकीने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "हातात बिल्ला नाही तर गाडी नाही. मग संध्याकाळ होऊ दे. आज समोर गाडी नाही म्हणून सोडाल, उद्या नसेल असं वाटून सोडाल. आणि ज्याने कडं घेतलं त्याला आधी शोधा. घेतलं आणि आठवत नाही म्हणजे काय? आमच्याकडे असा माणूस त्याच दिवशी घरी बसला असता. वाईट म्हणून नव्हे हो. वाईट नसतोच तो. पण त्याच्या हातात माणसं द्यायची नाहीत."

डॉक्टर खाली मान घालून उभे राहिले. अक्कल शिकवणारा गृहस्थ मुकाट्याने डब्यात चढला. भर माणसांत ठकीला रडू फुटायचंच बाकी होतं. मागे फिरून ती हॉटेलात आली आणि तिथेच तिला लख्ख आठवलं, की ही खोली हॉटेल होण्यापूर्वी मास्तरांची होती.

तिने दार पुढे ओढलं. दाराआड खुंट्यांची फळी होती. तिच्यावर लोकांचे दोन रेनकोट, तीन छत्र्या, कुणाची तरी टोपी, आणि शेवटच्या खुंटीला कडं. नीट अडकवलेलं, पिशवी भिंतीकडे.

कडं काढून ती सरळ डॉक्टरांकडे गेली.

"छत्र्यांमध्ये होतं," ती म्हणाली. "कुणीतरी अडकवलं असेल."

"कुणी?"

"काय माहीत बाई. एवढी गर्दी."

डॉक्टरांना तेवढं पुरलं. ते कडं घेऊन धावत सुटले. चाळीस मिनिटं उशिराने गाडी हलली, खिडक्यांतून लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठकी अण्णांशेजारी येऊन बसली. सुटलो, असं तिला वाटलं.

"कुठे मिळालं?" अण्णांनी विचारलं.

"इथेच. दाराआड."

"खुंटीला?"

"हं."

"पिशवी कुठल्या बाजूला होती?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. पण प्रश्न इतका साधा होता की तिच्या तोंडून आपसूक गेलं, "भिंतीकडे."

अण्णांनी एकदा त्या दाराकडे पाहिलं. मग उजव्या बाहीवरचा इंजिनाच्या काजळीचा डाग अंगठ्याने पुसला, तो पुसला जाईना, तेव्हा हात मांडीवर ठेवला.

परतीची गाडी चारची. डबा जवळपास रिकामाच होता. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. ठकीने बिस्किटं पुढे केली, ती त्यांनी घेतली नाहीत.

"दादाला काय सांगणार आहेस?" त्यांनी एकदम विचारलं.

"दादाला? कशाचं?"

"ठके, वर्षातून एकदा फिरायला नेणारी पोरगी लागोपाठ चार रविवार नेते. एवढं न कळायला मी काय दूधखुळा आहे?" आणि मग स्वतःशीच म्हणाले, "दूध निघालं की सगळ्यांना माझीच आठवण येत असेल."

ठकीला हसू आलं आणि त्याच हसण्याला धरून रडूही आलं. "सगळं ठीक आहे म्हणून सांगणार आहे," ती नाक पुसत म्हणाली. "आणि ठीकच आहे!"

"तिसरं तिकीट पर्समध्ये आहे ना अजून?"

ठकीने पर्स कुशीत ओढली.

"टाकताना पाहिलं मी. चूक सगळ्यांकडून होते. चूक लपवली की मग माणसं मरतात. हे मी तुम्हाला लहानपणापासून सांगत आलोय."

"पण तुम्ही चूक कुठे केलीत?" ठकी चिडून म्हणाली. "त्या फायरमनला नाव म्हणायला लावलंत, परत म्हटलंत, खुंटीला नीट अडकवलंत. तो डॉक्टर फोटो काढत होता! सगळं बरोबर केलंत तुम्ही!"

"बरोबर केलं," अण्णा म्हणाले. "पण ते स्टेशन माझं नव्हतं." त्यांनी बाहीवरचा डाग दुसऱ्या हाताने झाकला. "आणि मला आठवत नाही गं. अजून आठवत नाही. हात पुढे केल्याचं, चालत आल्याचं, अडकवल्याचं. डोक्याला ताण दिला, सगळं करून बघितलं. काही नाही. नुसती पिशवी भिंतीकडे होती, म्हणून मी."

ठकीने त्यांचा हात धरला. आता रडू आवरायचं तिने सोडून दिलं. "तिथे नुसते बसून राहाल तुम्ही," ती म्हणाली. "त्या वरच्या खोलीत. मला नाही बघवणार."

"छत्तीस वर्षं उभाच होतो केबिनमध्ये. बसतो आता थोडा." त्यांनी तिच्या हातावर थापटलं. "दुपारी त्या कडं घेऊन विसरलेल्या माणसाबद्दल मी काय बोललो ते ऐकलं ना सगळ्यांनी? मग? दुसऱ्याला एक नियम आणि मला दुसरा? शेजारीण आहे, वरच्या मजल्यावर तान्हं पोर आहे. पुढच्या वेळी दुधावर भागलं नाही तर?"

ठकीने डोळे पुसले, पर्स उघडली, बंद केली.

"फोन मी करतो आज," अण्णा म्हणाले. "पण नेहमीसारखा शनिवारी नको, रविवारी ये म्हणतो. त्याच्या वाटेवर एक वाफेची लाइन आहे, पेपरात आलं होतं. जाता जाता बघून होईल. त्याला काही इंजिनातलं कळत नाही, पण गाडी तर चालवेल."

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि घराची किल्ली काढली. जाड दोऱ्यात बांधलेली, दोऱ्याची गाठ आईने मारलेली. त्यांनी ती ठकीपुढे धरली. तिने घेतली, पण अण्णांच्या बोटांतून ती सुटेना.

"घर," अण्णा म्हणाले.

ठकीने मान हलवली.

"मान हलवून चालत नाही," अण्णा म्हणाले. "घर."

इंजिनाने शिट्टी दिली, गाडीचा वेग कमी झाला, शेवटचं स्टेशन जवळ आलं. डब्यातली दोनचार माणसं सामान काढायला उठली. त्या दोघांच्या मधे किल्ली तशीच होती, एक टोक तिच्या हातात, एक त्यांच्या.

"घर," ठकी म्हणाली.

तेव्हा अण्णांनी हात सोडला.